सजवलेली आरएक्स-८ की साधी एमएक्स-५?

एका वाचकाचं पत्र थोडं आटोपशीर करून देतो:

"माझं वय २९. सहा वर्षं पैसे साठवून आता जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवलंय. दोन गाड्या पाहिल्या, दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. पहिली २००५ सालची माझदा आरएक्स-८. खाली बसवलेली, १९ इंची अलॉय, मोठा सायलेन्सर, मागे स्पॉयलर. विकणारा म्हणतो इंजिनचं काम नुकतंच केलंय, पण बिलं सापडत नाहीत. दुसरी २००१ सालची माझदा एमएक्स-५, १.८ लिटर, कापडी छताची, १ लाख ४० हजार किलोमीटर चाललेली. सगळी कंपनीची आहे तशीच, सर्व्हिसची वही पूर्ण, पण रंग विटलाय आणि टायर जुने आहेत. मित्र म्हणतात तिच्यात दम नाही. मला वाटतं, ती घेतली तर टर्बो बसवावा, गाडी खाली करावी, १८ इंची चाकं टाकावीत. साठवलेले पैसे जवळपास सगळे गाडीतच जातील, बाकीचं पगारातून हळूहळू. हीच गाडी रोज कामावरही न्यायची आहे. कोणती घेऊ, आणि आधी काय बदलू?"

मित्रा,

एमएक्स-५ घ्या. पण साठवलेले सगळे पैसे तिच्यात घालून नाही, आणि टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणाऱ्या यंत्राचा) विचार निदान वर्षभर बाजूला ठेवून. आता कारणं सांगतो, कारण नुसत्या उत्तरावर इतकी मोठी खरेदी करू नये.

आधी आरएक्स-८ बद्दल. ही गाडी मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्याविषयी स्पष्ट बोलतो. तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. प्रत्येकी ६५४ सीसीचे दोन कक्ष, आणि त्यांत फिरणारा एकेक तिकोनी रोटर. याच घराण्यातल्या चार रोटरच्या इंजिनावर माझदाने १९९१ साली ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. तो मान मिळवणारी ती पहिली जपानी कंपनी. आरएक्स-८ चं इंजिन लहान, हलकं आणि रेशमासारखं फिरणारं आहे, मोठ्या ताकदीच्या प्रकारात २३० एचपीच्या आसपास देतं. पण रोटरच्या तिन्ही टोकांना जे सील असतात, त्यांच्यावर सगळा डोलारा उभा आहे. ते कक्षाच्या भिंतीवर सतत घासतात, आणि त्यांना वंगण मिळावं म्हणून इंजिन मुद्दाम थोडं तेल आत सोडून जाळतं. मालकाने तेलाची पातळी पाहायचा कंटाळा केला, किंवा इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारे भाग) खराब झाल्या तरी तशीच चालवली, की सील झिजतात, कॉम्प्रेशन (कक्षात हवा दाबली जाण्याचा जोर) उतरतं आणि इंजिन पूर्ण उघडून बांधावं लागतं. पुष्कळदा त्या कामाचा खर्च गाडीच्या किमतीएवढा होतो. तुम्हाला ती स्वस्तात मिळते आहे, त्याचं कारण बहुधा हेच.

आता विकणारा म्हणतो काम केलंय. केलं असेलही. पण रोटरी इंजिन बांधणं हे कुठल्याही कोपऱ्यावरच्या गॅरेजचं काम नव्हे. ज्याने ते करवून घेतलं त्याने चांगले पैसे मोजलेले असतात, आणि असा माणूस ती बिलं फेकून देत नाही. बिल नसेल तर काम झालंच नाही असं धरून चाला. तरीही मन मागे हटत नसेल, तर एकच चाचणी ग्राह्य धरा: रोटरीसाठी बनवलेल्या यंत्रावर कॉम्प्रेशन तपासणी. साधा पिस्टन इंजिनाचा गेज इथे उपयोगाचा नाही, कारण प्रत्येक रोटरच्या तीन बाजू असतात आणि प्रत्येक बाजूचा आकडा स्वतंत्र मिळायला हवा, म्हणजे दोन रोटरचे मिळून सहा. ते २५० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला २५० फेऱ्यांच्या, हिशेबात मांडतात. कंपनीने दिलेली खालची मर्यादा ६८० किलोपास्कल आहे. त्याखाली एक जरी आकडा आला तरी इंजिन गेलं म्हणायचं. यंत्राआधी घरबसल्या करण्यासारखी परीक्षाही आहे. गाडी अर्धा तास चांगली तापेपर्यंत चालवा, बंद करा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करून बघा. गरम असताना स्टार्टर बराच वेळ फिरत राहिला, तर ते कॉम्प्रेशन उतरल्याचं ठळक लक्षण.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र या सगळ्याहून महत्त्वाचं आहे: हीच गाडी रोज कामावर न्यायची आहे. रोटरी इंजिनाला थंड असताना चालू करून दोन मिनिटांत बंद केलेलं सोसत नाही. आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात आणि पुढच्या वेळी गाडी चालूच होत नाही. दर एक-दोन टाक्यांमागे डिपस्टिक काढून पाहायची, तेल सोबत बाळगायचं, पेट्रोलही जास्त लागतं. दुसरी साधी गाडी दारात असलेल्या माणसाने शौकाखातर ती पाळावी. एकुलती एक गाडी म्हणून नको.

आणि समजा इंजिन ठणठणीत निघालं, तरी तुमच्यासमोरची ती विशिष्ट आरएक्स-८ मी घेणार नाही, कारण ती आधीच कुणीतरी बदललेली आहे. मॉडिफाय केलेली जुनी गाडी घेताना आपण मागच्या मालकाची नुसती आवड विकत घेत नाही, त्याने कुठे काटकसर केली तीही विकत घेतो. खाली बसवलेल्या गाडीत स्प्रिंग कुठल्या कंपनीच्या आहेत? की आहेत त्याच कापल्या? १९ इंची चाकांना आतून घासू नये म्हणून मडगार्डची कड ठोकून वळवली आहे का? वायरिंगला कुठे कात्री लागली? सायलेन्सर बदलला तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकला का? तो काढणं बहुतेक देशांत बेकायदा आहे, आणि परत बसवायचा तर महागात पडतो. या प्रश्नांची बिलासकट उत्तरं देणारा मालक सापडला तर मॉडिफाय केलेली गाडी फार चांगला सौदा ठरू शकते, कारण सुट्या भागांवर घातलेले पैसे विकताना जवळपास कधीच परत येत नाहीत. तुमच्या विक्रेत्याकडे तर इंजिनाचंच बिल नाही.

इथे थोडं माझं सांगतो. तुमच्या वयाचा असताना मी अशीच एक खाली बसवलेली कूपे घेतली होती. दिसायला देखणी, चाकं रुंद, टायरवर नक्षी भरपूर. पहिल्या पावसात एका गोल चौकातून वळताना मागची बाजू सुटली आणि गाडी पूर्ण फिरून कठड्यावर आदळली. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. नंतर टायरच्या कडेवरचा आकडा वाचला: नऊ वर्षांपूर्वीचे टायर होते. गाडी इतकी खाली होती की चाकाला वर सरकायला जागाच नव्हती. खड्डा आला की सस्पेन्शन तळाला टेकायचं आणि टायर जमीन सोडायचा. तो दिवस अजून आठवतो, आणि तुम्हाला तो येऊ नये म्हणून पुढचं सगळं इतकं सविस्तर लिहितो आहे.

आता एमएक्स-५. मित्र म्हणतात दम नाही. आकड्यांत पाहिलं तर १४० एचपीच्या आसपास, आणि वजन साधारण १,०५० किलो. आजची साधी कुटुंबाची गाडीही कधीकधी याहून जास्त ताकद दाखवते. पण ही गाडी सरळ रस्त्यावर कुणाला मागे टाकण्यासाठी बनलीच नव्हती. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा दिसली, तेव्हा ब्रिटिश धर्तीच्या हलक्या, दोन आसनी, उघड्या छताच्या गाड्या जवळपास संपल्या होत्या. माझदाने लोटस एलानसारख्या जुन्या गाड्यांचा अभ्यास केला आणि तोच आनंद रोज चालू होणाऱ्या, तेल न गळणाऱ्या इंजिनासह परत आणला. इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, वजन पुढे-मागे जवळपास समान, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाक वर-खाली दोन दांड्यांनी धरणारं). २०१६ साली दहा लाखावी गाडी बाहेर पडली. इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत, म्हणजे सुटे भाग मिळतात, दुखणी सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि एखादा बोल्ट गंजून तुटला तर पुढे काय करायचं हे आधी कुणीतरी शोधून ठेवलेलं असतं. जुन्या गाडीच्या मालकाला याचा केवढा आधार असतो, हे पहिल्याच दुरुस्तीला कळतं.

शिवाय कमी ताकदीची गाडी तुम्हाला चालवायला शिकवते. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन पूर्ण ताणावं, वळणाआधी ब्रेक कधी सोडावा, सोडताना पुढच्या टायरवर वजन कसं येतं, हे सगळं १४० एचपीत कायद्याच्या वेगात अनुभवता येतं. ३०० एचपीच्या गाडीत त्याच अनुभवापर्यंत पोचेस्तोवर वेग धोक्याच्या पलीकडे गेलेला असतो.

पण एमएक्स-५ म्हटली म्हणून डोळे मिटून घेऊ नका. या पिढीच्या गाडीचा शत्रू एकच, गंज. इंजिन दुरुस्त होतं, सीट बदलता येते, रंग पुन्हा मारता येतो, पण चासी कुजलेली असेल तर सौदा सोडून द्या. दोन जागा नीट बघा. एक, दाराखालचा पत्र्याचा पट्टा, विशेषतः मागच्या चाकाच्या लगेच पुढचा भाग. दुसरी, पुढच्या बाजूला इंजिनच्या खालून जाणारे चासीचे दांडे. त्या दांड्यांत पत्र्याचे थर एकावर एक आहेत, आणि मधल्या फटीत ओल धरते. वरून ठीक दिसणारा दांडा आतून पोकळ झालेला असू शकतो. गाडी लिफ्टवर घ्या आणि मालकाला विचारून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. लहान लोहचुंबकही खिशात ठेवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुटी) भरून वर रंग मारला आहे. विटलेल्या रंगाला अजिबात घाबरू नका. सरसकट विटलेला रंग म्हणजे पत्रा कंपनीचाच आहे याची उलट थोडी खात्रीच. एखाद्याच दाराचा किंवा एकाच मडगार्डचा रंग ताजा दिसला तर मात्र विचारपूस करा.

गाडी बघायला जाताना विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर काहीतरी लपवायचं असू शकतं. थंड इंजिन चालू होताना मागे कुणाला तरी उभं करा: निळसर धूर म्हणजे तेल जळतंय, पांढरा दाट धूर विरतच नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आत जातंय. इंजिन थंड असतानाच ऑइल भरायचं झाकण उघडून बघा, आत दुधाळ मेण असेल तर प्रश्न विचारा. क्लचचा पेडल मऊ किंवा खाली जाणारा लागला तर खालचा क्लच सिलिंडर गळतोय. या गाड्यांत हे नेहमीचं आहे आणि काम मोठं नाही. चालवताना चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम वाढला पण गाडी तशी सरकली नाही, तर क्लच प्लेट संपली. दुसऱ्या गिअरला झटकन उतरवून बघा, करकर आली तर सिंक्रो (गिअर सहज जुळवणारी कडी) झिजलाय. सपाट मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंगवरची पकड हलकेच सैल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते अलाइनमेंट असेल, अडकलेला ब्रेक कॅलिपर असेल, नाहीतर जुना अपघात.

आणखी एक युक्ती फारशी कुणाला माहीत नसते. २००१ च्या गाडीला निदानाचा पोर्ट असतो. स्वस्तातला स्कॅनर जोडून नुसते दोषांचे कोड पाहू नका, गाडीच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्या आहेत का तेही बघा. कोड एकही नाही, पण बऱ्याच तपासण्या 'अपूर्ण' दाखवत असतील, तर कुणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. हे सगळं करूनही, खरेदीआधी एका त्रयस्थ मेकॅनिककडून गाडी बघून घ्याच. त्याची फी ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत स्वस्त गोष्ट आहे. चासी नंबर कागदांशी जुळतो का आणि गाडीवर कुणाचं कर्ज थकलं आहे का, हेही पैसे देण्याआधी.

पैशांचं म्हणाल, तर माझा हिशेब असा. तुमच्याकडे शंभर असतील तर सत्तरापर्यंतची गाडी घ्या आणि तीस हातात ठेवा. तुम्ही शंभरच्या शंभर गाडीत घालणार आहात, याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. वीस-पंचवीस वर्षांची कुठलीही गाडी, कितीही चांगली निघाली तरी, पहिल्या तीन महिन्यांत काहीतरी मागतेच. तेव्हा हात रिकामे असले की माणूस चुकीच्या ठिकाणी काटकसर करतो, आणि तुमची आवडती गाडी मग महिनोन् महिने कापडाखाली झाकून उभी राहते. जुने टायर, विटलेला रंग, हे सगळं दाखवून किंमत उतरवा. उतरत नसेल तर चार महिने थांबून आणखी साठवा. ही गाडी गेली तरी दुसरी एमएक्स-५ मिळते.

आता आधी काय बदलू. पहिले बदल दिसणारे नाहीतच. इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेल, कूलंट, रबरी होस, प्लग आणि त्यांच्या वायरी. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते वहीत शोधा. साधारण १ लाख किलोमीटरला तो बदलायचा असतो, आणि १ लाख ४० हजारांच्या गाडीत तशी नोंद नसेल तर पहिल्याच आठवड्यात बेल्ट आणि सोबत वॉटर पंप बदलून घ्या. तिथपर्यंत पोचायला जे खोलावं लागतं ते दोन्हींना सारखंच आहे. ब्रेक ऑइल तर न विचारता बदला. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ चं नवं तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरल्यावर हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. घाटातल्या लांब उतारावर ब्रेक तापले, आत वाफ झाली, की पेडल थेट तळाला जातो.

त्यानंतर टायर. मला एकाच मॉडिफिकेशनची परवानगी असती तर मी हेच निवडलं असतं. चार टायर मिळून जमिनीला जेवढे टेकतात ते म्हणजे जेमतेम चार तळहात. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं त्या चार तळहातांतून बोलतं. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: ३४१६ म्हणजे २०१६ सालचा ३४वा आठवडा. रबर नुसतं उभं राहूनही कडक होतं, म्हणून नक्षी किती उरली याआधी हा आकडा वाचा. माझ्या कूपेला हेच नडलं होतं. चारही टायर एकाच वेळी, एकाच मेकचे, कंपनीने सांगितलेल्या मापाचे घ्या.

म्हणजेच १८ इंची चाकं नकोत. तुमच्या गाडीला मुळात १५ किंवा १६ इंची चाकं असतील. मोठं चाक बहुधा जड असतं, आणि ते वजन स्प्रिंगच्या खालचं असल्यामुळे प्रत्येक खड्ड्यात सस्पेन्शनला जास्त झटापट करावी लागते. फिरवायला ताकद जास्त, थांबवायला ब्रेक जास्त. मित्रांना ज्या दमाची उणीव वाटते, तोच तुम्ही चाकांमध्ये घालवाल. कंपनीने स्वतः या पिढीच्या एका खास आवृत्तीला १७ इंची दिली होती, तेव्हा हलकं चाक मिळालं तर तिथपर्यंत समजू शकतो. त्यापुढे नाही.

गाडी खाली करण्याबद्दल थोडं सबुरीने घ्या. १ लाख ४० हजार किलोमीटरनंतर शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असणार आणि सस्पेन्शनचे रबरी बुश चिरलेले असणार. ते नवे घालून नीट अलाइनमेंट करून घेतलं, तर तुम्हाला वाटेल गाडीच बदलली. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (उभ्या चाकाचा आत-बाहेर कल; वरचं टोक आत झुकलं की निगेटिव्ह) आणि टो (चाकाचं पुढचं टोक आत की बाहेर वळलंय ते) दोन्ही जुळवता येतात, ही फार मोठी सोय आहे. कंपनीच्या मर्यादेत राहून थोडा जास्त निगेटिव्ह कॅम्बर ठेवा, पुढे टो जवळपास शून्य, मागे किंचित आत. हे नुसतं पान्यांचं काम, नवा भाग एकही नाही, आणि वळणात जो फरक पडतो तो महागड्या किटनेही अनेकदा पडत नाही. पुढे किट घ्यायचंच झालं तर डॅम्पर (म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर) चांगल्या मेकचे घ्या आणि गाडी दोन-अडीच सेंटिमीटरहून खाली आणू नका. या गाडीत चाकाला वर सरकायला मुळातच जागा कमी आहे. फक्त छोट्या स्प्रिंग घालून जुने डॅम्पर तसेच ठेवणं म्हणजे माझ्या कूपेची पुनरावृत्ती.

ब्रेकला मोठ्या डिस्क नकोत. चांगले पॅड, नवं ऑइल आणि कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावलेल्या, एवढं या वजनाच्या गाडीला पुरतं. मागच्या पिना अडकलेल्या सापडतील, बघाच.

मग टर्बो. यात मोह आहे हे मान्य, आणि व्यवस्थित केला तर ही गाडी अद्भुत होते. पण व्यवस्थित म्हणजे काय ते ऐका. माझदाने स्वतः २००४-०५ मध्ये कारखान्यातून टर्बो एमएक्स-५ काढली, १७८ एचपीची. म्हणजे साध्या गाडीहून साधारण ३५ एचपी जास्त. एवढ्याशा वाढीसाठीही त्यांनी इंटरकूलर (टर्बोतून येणारी तापलेली हवा थंड करणारा भाग) घातला, क्लच मजबूत केला, चालना मागे नेणारे भाग मजबूत केले, स्प्रिंग आणि डॅम्पर बदलले. तुम्ही पगारातून हळूहळू म्हणता, आणि टर्बो हळूहळू बसवता येत नाही. टर्बो आज, इंजेक्टर आणि ईसीयू (इंजिनचा संगणक) ट्यूनिंग चार महिन्यांनी, असं केलं की हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) होतं आणि पिस्टन फुटतो. शिवाय वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वर्गाने वाढते: ८० ऐवजी १२० च्या वेगातून थांबायचं तर ब्रेकना सव्वादोनपट काम. म्हणून टायर, ब्रेक, सस्पेन्शन, रेडिएटर हे सगळं आधी जागेवर हवं. वर्षभर गाडी आहे तशी चालवा. एखाद्या बंद ट्रॅकवर सरावाच्या दिवशी, शेजारी प्रशिक्षक बसवून चालवून या. त्यानंतरही ताकद कमी वाटली तर सगळा खर्च एकदम जमवून, ज्याने या इंजिनावर आधी काम केलंय अशा माणसाकडून करून घ्या. मला मनापासून वाटतं, तोवर तुमची यादी बदललेली असेल.

छत उघडं असल्यामुळे सीटमागे रोल बार (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी लोखंडी कमान) घालायचा विचार येईल. चांगला विचार आहे, फक्त डोकं जिथे आपटू शकतं तिथे त्याला जाड पॅडिंग हवंच. पूर्ण पिंजरा मात्र रस्त्यावरच्या गाडीत नको, हेल्मेटशिवाय त्या नळ्यांवर डोकं आपटणं जिवावर बेतू शकतं. प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर ऐन वेळी दावा अडकतो. जुना काढलेला कंपनीचा प्रत्येक भाग खोक्यात घालून ठेवा.

ही गाडी तपासणीत नापास झाली, तर दुसरी एमएक्स-५ शोधा. शेजारी पर्याय हवे असतील तर टोयोटा जीटी८६ आणि तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड बघा. २०१२ पासूनच्या, २०० एचपीच्या, मागे दोन छोट्या सीट असलेल्या, रोजच्या वापराला जास्त सोयीच्या, पण अर्थात महाग. पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर स्वस्त दिसेल, पण तिचे भाग पोर्शेच्याच किमतीत येतात, आणि इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचं दुखणं माहीत असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नका. बीएमडब्ल्यूची ई४६ (३ सीरिजची एक पिढी) हवी असेल तर मागच्या सबफ्रेमच्या (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीच्या) जोडांजवळ पत्रा चिरलाय का ते खालून पाहून घ्या.

शेवटी, एमएक्स-५ बघायला जाल तेव्हा सोबत पाण्याची बाटली न्या. कापडी छत घडी होतं त्या खोबणीतून पावसाचं पाणी सीटच्या मागे दोन्ही बाजूंच्या भोकांत उतरतं आणि तिथून गाडीखाली जातं. पानांचा कचरा अडकून ही भोकं बुजली, की पाणी दाराखालच्या पट्ट्यात साचतं आणि मघाशी सांगितलेला गंज तिथूनच सुरू होतो. मालकाची परवानगी घेऊन दोन्ही बाजूंना थोडं थोडं पाणी ओता आणि खाली वाकून बघा. मागच्या चाकांच्या जरा पुढे, दोन्हीकडे, ते जमिनीवर पडायला हवं. एका बाजूला पडलं नाही तर त्या बाजूचा गालिचा उचलून हाताने ओल चाचपा, आणि मगच किमतीचं बोलणं सुरू करा.